तालुक्याच्या गावी माजी सैनिक संघटना उभी करायची आहे: सुरुवात कुठून करावी?

कृष्णाकाठ:
आमच्या तालुक्याच्या गावात आणि लगतच्या अकरा गावांत मिळून १६० च्या आसपास माजी सैनिक आहेत, तीसेक विधवा पेन्शनधारक आहेत आणि वीरपत्नी दोन. आजवर संघटना म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि वर्षाचे तीन कार्यक्रम: २६ जानेवारी, २६ जुलै, १५ ऑगस्ट. हारतुरे, भाषण, चहा, की झालं. आता ग्रामपंचायत जुन्या शाळेची दोन खोल्यांची इमारत वापरायला द्यायला तयार आहे, त्यामुळे हे काम नीट उभं करायचं आहे.

प्रश्न असे: नोंदणी आधी करावी की काम आधी सुरू करावं? सीआरपीएफ, बीएसएफवाल्यांना सभासद करता येतं का, आणि २०२६ च्या अखेरपासून परतणाऱ्या अग्निवीरांचं काय? वर्गणी किती ठेवावी आणि मयतनिधी चालवावा का? शेवटचं, गावाला आपला उपयोग काय, असं सरपंचांनी विचारलं तर सांगण्यासारखं ठोस काय असावं? अनुभवी मंडळींनी बारकाव्यानिशी लिहावं.

हवालदार_क्लार्क:
काम आधी. आणि कामातही सगळ्यात आधी एक नोंदवही. मोठी, जाड पुठ्ठ्याची, प्रत्येक सभासदाला एक पूर्ण पान. ग्रुपवर नावं गोळा करून भागत नाही, कारण माणूस गेल्यावर त्याच्या बायकोला जे हवं असतं ते त्या ग्रुपवर कुठेच नसतं.

पानावर हे यायला हवं: सर्व्हिस नंबर, रँक, पूर्ण नाव पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा आदेश) आहे तसं आणि आधारवर आहे तसं, दोन्ही शेजारी शेजारी. भरतीची आणि डिस्चार्जची तारीख. पीपीओ नंबर, जुना आणि स्पर्शचा (संरक्षण खात्याची ऑनलाइन पेन्शन प्रणाली) नवा. रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सेवेची कागदपत्रं सांभाळणारं कार्यालय. बँक, शाखा, खातं एकट्याचं की पत्नीसोबत जोड. पत्नीचं नाव पीपीओवर काय, आधारवर काय, जन्मतारीख दोन्हीकडे काय. मुलांची नावं. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड कोणाकोणाचं निघालं. आणि घरातल्या दोन माणसांचे फोन, एक गावातला आणि एक बाहेरगावचा.

पत्नीच्या नावावर एवढा भर देण्याचं कारण सांगतो. आपल्याकडे पीपीओवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मतदान कार्डावर तिसरंच, हे सर्रास. एकीकडे 'लक्ष्मी', दुसरीकडे 'लक्ष्मीबाई'. एकीकडे जन्मसाल १९५२, दुसरीकडे १९५७. नवरा जिवंत असेपर्यंत कोणालाच काही अडत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज तिथेच थांबतो, आणि ती बाई रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करत महिनोन्महिने पेन्शनशिवाय बसते. जिवंत माणसाच्या सहीने जी दुरुस्ती साध्या अर्जावर होते, तीच त्याच्यामागे चौपट कागद मागते. म्हणून पहिल्या सहा महिन्यांत फक्त हेच करा: १६० पानं भरा, ज्यांच्या नावात किंवा तारखेत फरक आहे त्यांच्यावर लाल खूण करा आणि एकेक प्रकरण मार्गी लावा.

दुरुस्तीची वाट अशी. अर्ज माजी सैनिकाने स्वतःच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला करायचा, सोबत पीपीओ, डिस्चार्ज बुकाची कुटुंबाच्या नोंदीची पानं, दोघांची आधार-पॅन, नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेलेला अर्ज सहसा कमी वेळा परत येतो, कारण तिथे कागद तपासून पुढे पाठवतात. रेकॉर्ड ऑफिस पार्ट टू ऑर्डर (सेवानोंदीतल्या बदलाचा आदेश) काढतं आणि मग पीपीओत शुद्धिपत्र निघतं. पार्ट टू ऑर्डर झाली म्हणजे काम झालं असं समजून अनेकजण थांबतात. शुद्धिपत्र निघून स्पर्शवर नाव बदललेलं दिसेपर्यंत लाल खूण पुसायची नाही.

रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता चुकला तर महिना वाया जातो, म्हणून एक तक्ता भिंतीवर लावा. मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट सागर, बॉम्बे इंजिनियर ग्रुप खडकी, तोफखाना नाशिक रोड, मेकॅनाइज्ड इन्फंट्री अहिल्यानगर, सिग्नल्स जबलपूर, ईएमई सिकंदराबाद, मेडिकल कोअर लखनौ, डीएससी (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) कन्नूर. नौदलाचं मुंबईत, हवाई दलाचं दिल्लीत.

आता हयातीचा दाखला. नोव्हेंबरमध्ये गर्दी होते, पण स्पर्शवर ज्याच्या त्याच्या खात्यात पुढची तारीख दिसते ती पाहा, अंदाजाने चालू नका. ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो, त्यांचं आधी उरकून घ्या. दाखला बाद होण्याची कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. पहिलं, जीवन प्रमाण (ऑनलाइन हयातीचा दाखला) भरताना मंजुरी देणारं कार्यालय चुकीचं निवडलं जातं. स्पर्शवरच्या आर्मीवाल्यांनी मंजुरीसाठी डिफेन्समधलं पीसीडीए (संरक्षण खात्याचं पेन्शन लेखा कार्यालय) अलाहाबाद आणि वितरणासाठी स्पर्श, पीसीडीए पेन्शन्स अलाहाबाद निवडायचं. शहराचं नाव प्रयागराज झालं तरी यादीत अलाहाबादच शोधा. केंद्रावरचा मुलगा सवयीने बँकेचं नाव टाकतो आणि दाखला भलतीकडे जातो. दुसरं, पीपीओ नंबर जुना टाकला जातो. तिसरं, दोन पेन्शन असणारे एकाच पेन्शनचा दाखला देतात. आर्मीनंतर डीएससी केलेल्यांना दोन पीपीओ असतात. स्वतःची पेन्शन आणि पतीमागची पेन्शन दोन्ही घेणाऱ्या बायकाही असतात. प्रत्येक पीपीओला वेगळा दाखला.

प्रमाण आयडी आला म्हणजे दाखला तयार झाला, इतकंच. तो स्वीकारला गेला का हे चार-पाच दिवसांनी स्पर्शवर जाऊन पाहायचं. नोंदवहीत 'दिला' आणि 'स्वीकारला' असे दोन वेगळे रकाने ठेवा.

शेतात राबलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. अशांचा चेहऱ्यावरून दाखला काढा: अँड्रॉइड फोनवर आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप, माणूस दाराकडे तोंड करून उजेडात, चष्मा आणि टोपी काढलेली, मागे साधी भिंत. ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीकडे पाठ करून बसवलं की होत नाही. ठशांचं यंत्र घ्यायचंच असेल तर एल-१ प्रकारचं घ्या, जुनी यंत्रं आता चालत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येतो, ७० रुपये घेतो.

धर्मादाय_फाईल:
क्लार्क साहेबांशी एका मुद्द्यावर असहमत. काम आधी हे बरोबर, पण नोंदणी वर्षभर लांबवू नका. पैसा गोळा व्हायला लागला की तो कोणाच्यातरी वैयक्तिक खात्यात जातो, आणि तिथून पुढे संशय सुरू होतो. चांगली माणसं त्यापायी बोलेनाशी होतात.

महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० अशा दोन्हीखाली नोंद होते आणि दोन्ही कामं जिल्ह्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयातच होतात. किमान ७ सभासद लागतात. ते एकाच घरातले नकोत, आणि तुमच्याकडे अकरा गावं आहेत तर सातही जण एका गावचे नकोत, हे माझं मत. कागद: विधानपत्र, नियमावली, पदाधिकाऱ्यांची यादी, संमतीपत्रं, ओळख आणि रहिवास पुरावे, कार्यालयाच्या जागेची मालकाकडून ना हरकत आणि त्या जागेचं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती. तुमच्या बाबतीत मालक ग्रामपंचायत. तेव्हा मासिक सभेचा ठराव घ्या आणि त्यात खोल्यांची मापं, किती वर्षांसाठी, वीजबिल कोणाचं, डागडुजी कोणाची हे लिहून घ्या. सरपंच बदलले की तोंडी शब्दाला किंमत राहत नाही.

नावात 'भारतीय', 'राष्ट्रीय', 'सेना' असे शब्द घालून सरकारी मान्यतेचा भास होईल असं काही करू नका, चिन्हं आणि नावांच्या १९५० च्या कायद्यात अडकतं. 'अमुक तालुका माजी सैनिक कल्याण संघ' एवढं साधं नाव सरळ पास होतं. लेटरहेडवर अशोकस्तंभ किंवा रेजिमेंटचं बोधचिन्ह छापू नका.

संस्था नोंदणी झाली की तीन महिन्यांच्या आत सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदीचा अर्ज. मग पॅन, मग बँक खातं, सहीला तिघं आणि त्यातले कोणतेही दोघं.

खरी मेख पुढे आहे. निवडणूक झाली, अध्यक्ष बदलला, की ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. गावोगावच्या संस्था इथेच बुडाल्या आहेत. २०१४ ची निवडणूक झाली, बदल अर्ज केला नाही, २०१९ ला पुन्हा नवे लोक आले, आणि आता धर्मादायच्या दप्तरी जुनेच विश्वस्त, त्यातले दोघं वारलेले. मधली साखळी तुटली की पुढचा बदल अर्ज मंजूर करून घेणं म्हणजे नवी संस्था काढण्यापेक्षा अवघड. बँक नव्या सह्या घेत नाही. सभेची नोटीस, तिची पोच, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त आणि नव्या लोकांची संमतीपत्रं सभेच्या दिवशीच एका फाईलला लावून ठेवा. हिशेब ३१ मार्चला बंद, सप्टेंबर संपायच्या आत लेखापरीक्षण.

मयतनिधीबद्दल जपून. 'सभासद गेला की घरी ५० हजार' असं ठरलेलं देणं नियमात लिहिलं तर ते विम्यासारखं होतं, आणि वर्गणीतून सभासदांना व्याजाने पैसे देणं हे पतसंस्थेचं काम, त्याला सहकार कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. या संस्थेतून दोन्ही करू नका. 'तातडीची मदत' असं शीर्षक ठेवा, समितीने प्रकरण पाहून द्यायची, वरची मर्यादा सर्वसाधारण सभेने ठरवलेली. अंत्यविधीच्या दिवशी हातात ५ हजार रोख पोहोचले तर त्याचा खरा उपयोग होतो. सहा महिन्यांनी दिलेल्या ५० हजारांच्या धनादेशाचा तेव्हा फक्त फोटो निघतो.

वर्गणी महिना ५० रुपये पुरे. १६० पैकी १०० जणांनी दिली तरी वर्षाला ६० हजार होतात. वीज, इंटरनेट, झेरॉक्स, लेखापरीक्षकाची फी आणि दोन कार्यक्रम त्यात बसतात. महिन्याला वसूल करत फिरू नका, एप्रिलमध्ये वर्षाची एकदम घ्या. विधवांकडून वर्गणी नको, मतदानाचा हक्क मात्र पूर्ण.

आणि ध्वजदिन निधी स्वतःच्या पावतीपुस्तकावर कधीही गोळा करू नका. ७ डिसेंबरचं संकलन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं असतं. त्यांच्याकडून साहित्य घ्या आणि रक्कम त्यांच्याकडेच भरा.

कृष्णाकाठ:
दोघांचे मनापासून आभार. हे एवढं नेमकं कोणी सांगितलं नव्हतं. धर्मादाय साहेब, विधवांना मतदान म्हणताय, पण आमच्याकडे त्या कार्यक्रमालाही येत नाहीत. बोलावलं तर मुलाला पाठवतात.

सैनिक_पत्नी_मंडळ:
दादा, त्या येत नाहीत याचं कारण तुमच्या खोलीत शोधा. सभा संध्याकाळी सातला, सगळे पुरुष, मागे कोणीतरी कॅन्टीनची बाटली उघडलेली. तिथे कोण बाई येईल? पहिला नियम लिहून टाका: संघटनेच्या जागेत दारू नाही, कोणत्याही निमित्ताने नाही. कॅन्टीनचा कोटा ज्याने त्याने घरी न्यावा. हा एक नियम पाळला तर पुढच्या तीन महिन्यांत हजेरी बदलते.

दुसरं, मदतीचा दिवस रविवार सकाळी १० ते १ ठेवा आणि टेबलावर एक बाई बसवा. माजी सैनिकाची पदवीधर सून किंवा मुलगी गावात असतेच. पेन्शन किती येते, मुलगा पासबुक देतो का, एटीएम कोणाच्या खिशात असतं, हे पुरुषासमोर बोललं जात नाही. पासबुक भरून आणायला सांगा आणि तिच्यासमोर आकडा मोठ्याने वाचा. आपल्याला नक्की किती मिळतं हे कित्येकींना पहिल्यांदा तिथे कळतं.

त्याच वेळी वय पाहा. ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला पूर्ण दुप्पट. पीपीओवर पत्नीची जन्मतारीखच नसेल तर ही वाढ आपोआप लागत नाही, आणि जुन्या पीपीओंवर ती बहुधा नसतेच. तुमच्या तीसेक विधवांपैकी किती जणी ऐंशीपुढच्या आहेत ते पहिल्याच रविवारी काढा. शिवाय नवरा गेल्यावर पहिली सात वर्षं, किंवा तो ६७ चा झाला असता तोपर्यंत, यातलं जे आधी संपेल तेवढा काळ पेन्शन वाढीव दराने असते, नंतर ती शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांवर येते. त्या महिन्यात बायका घाबरून धावत येतात, कोणी पैसे खाल्ले असं वाटतं. तारीख नोंदवहीत आधीच काढून ठेवा आणि दोन महिने आधी घरी जाऊन सांगा.

आणि कार्यक्रमात त्यांना पहिल्या रांगेत बसवा, हळदीकुंकवाला बोलवा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ ला ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सैनिकांचं गाव म्हणून ओळखली जाणारी सैनिक टाकळी त्याच तालुक्यातली. तुमच्या संघटनेने आपल्या ग्रामसभेत असा ठराव मांडला तर तो मांडायचा तुमच्याइतका अधिकार गावात दुसऱ्या कोणाला नाही. बांगड्या फोडण्याच्या वेळी दोन वयस्क माजी सैनिक घरी जाऊन उभे राहिले तर कोणाचा हात पुढे होत नाही.

बिगुल:
वरच्या ताईंचं शब्दशः मान्य. मी फक्त अंत्यविधीबद्दल लिहितो, कारण तिथे प्रेमापोटी चुका होतात.

निवृत्त सैनिक घरी वारला की गावकरी तिरंगा घेऊन येतात. ध्वजसंहितेप्रमाणे शासकीय, लष्करी आणि केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यसंस्कारांखेरीज राष्ट्रध्वज पार्थिवावर पांघरता येत नाही. हे त्या वेळी भांडून सांगायचं नसतं, म्हणून आधीच सगळ्यांना माहीत हवं. त्याऐवजी संघटनेचं पुष्पचक्र, सभासद मेडल लावून दोन रांगांत, दोन मिनिटं स्तब्धता. पुष्पचक्राचा सांगाडा कायम तयार ठेवा, फुलं त्या दिवशी. सेवेतला जवान शहीद होऊन आला तर सगळं युनिट आणि प्रशासन ठरवतं. तिथे केशरी बाजू डोक्याकडे, आणि ध्वज चितेवर किंवा खड्ड्यात जात नाही, तो आधी काढून घडी करतात. आपलं काम गर्दी आवरणं, वाट मोकळी ठेवणं, आणि आई-बापाजवळ कॅमेरेवाल्यांना फिरकू न देणं.

मयतानंतर घरच्यांना एक कागद द्या, छापून ठेवलेला. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत, दाखल्याच्या दहा प्रती. दाखल्यावरचं नाव पीपीओप्रमाणेच लिहून घ्या, ग्रामसेवकाला नोंदवहीतलं पान दाखवा. स्पर्शच्या पहिल्याच पानावर मृत्यू कळवण्याची सोय आहे, लॉगिन लागत नाही. एटीएम वापरायचं नाही: मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन काढली तर ती पुढे वसूल होते आणि तेवढ्यात विधवेचं प्रकरण रेंगाळतं. डिस्चार्जच्या कागदांत आर्मी ग्रुप इन्शुरन्सचं एक्स्टेंडेड इन्शुरन्सचं (निवृत्तीनंतरही चालू राहणारा विमा) सर्टिफिकेट आहे का आणि त्याची मुदत चालू आहे का पाहा. हा दावा हमखास राहून जातो, कारण ते सर्टिफिकेट ट्रंकेच्या तळाशी असतं आणि ते काय आहे हे घरात कोणाला ठाऊक नसतं.

नर्सिंग_असिस्टंट:
ईसीएचएसबद्दल थोडक्यात. योजना १ एप्रिल २००३ पासूनची, तरी खेड्यातली निम्मी माणसं पॉलिक्लिनिक (योजनेचा दवाखाना) लांब म्हणून कार्डच काढत नाहीत आणि हार्ट अटॅक आला की धावाधाव. कार्डावर पत्नीचं नाव आहे का, मुलगा २५ चा झाला का, मुलीचं लग्न झालं का, हे वर्षातून एकदा तपासा. अपात्र झालेल्याचं कार्ड वापरलं गेलं तर मुख्य सभासदाचं कार्ड अडकतं.

तातडीच्या वेळी यादीवरचं रुग्णालय मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर जिथे जीव वाचेल तिथे न्या, पण ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा आणि कळवल्याचा पुरावा ठेवा. नुसता फोन पुरत नाही, ईमेल करा. संघटनेच्या फोनवर त्या ईमेलचा मसुदा तयार ठेवा, फक्त नाव, कार्ड नंबर, रुग्णालय आणि वेळ भरायची. डिस्चार्जच्या वेळी मूळ बिलं, औषधांच्या पावत्या आणि तातडीचा दाखला मूळ प्रतीत मागून घ्या. तातडीचा दाखला नंतर मागायला गेलं की डॉक्टर सुट्टीवर असतात.

गावात निवृत्त मेडिकलवाले असतील तर रविवारी त्याच खोलीत बीपी आणि साखर तपासा, सगळ्या गावाची, फक्त आपल्या लोकांची नाही. आकडे वहीत लिहा. पण गोळ्या देऊ नका, त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे.

कृष्णाकाठ:
सभासदत्वाचा प्रश्न राहिला. आणि सरपंचांच्या प्रश्नाचं उत्तर थोडं नर्सिंग साहेबांनी दिलंच. आणखी काय करता येईल?

धर्मादाय_फाईल:
सभासदत्व दोन प्रकारचं ठेवा. सर्वसाधारण सभासद: सैन्यदलांतले माजी सैनिक, त्यांच्या विधवा, वीरमाता-वीरपिता. सहयोगी सभासद: सीआरपीएफ, बीएसएफ वगैरे निमलष्करी दलांचे निवृत्त, सेवेतले जवान आणि अग्निवीर. कारण भावनेचं नाही, कागदाचं. निमलष्करी दलांची पेन्शन, वैद्यकीय सोय, कल्याण मंडळ सगळं वेगळं आहे आणि सैनिक कल्याण कार्यालयाच्या योजना त्यांना लागू नाहीत. एकच यादी केली की टेबलावरचा माणूस त्यांना चुकीचा सल्ला देतो.

अग्निवीरांना योजनेच्या अटींप्रमाणे पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिक हा दर्जाही नाही. चार वर्षांनी सेवानिधी म्हणून साधारण ११.७१ लाख हातात येतात. वय बावीस-तेवीस, हातात रोकड आणि गावात गाडी-फ्लॅट-शेअर विकणारे टपलेले. यांच्यासाठी संघटनेची गरज पेन्शनरांपेक्षा जास्त आहे. नियमावलीत त्यांना जागा आत्ताच ठेवा, नंतर दुरुस्तीला पुन्हा सर्वसाधारण सभा आणि बदल अर्ज आला.

एक कलम विसरू नका: कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी संघटनेचा पदाधिकारी होणार नाही, आणि इमारतीत पक्षाची बैठक होणार नाही. पद निवडणुकीने, रँकने नाही. बोलताना सुभेदार साहेब म्हणा, मान ठेवा, पण खजिनदार हिशेब नीट लिहिणाराच हवा, मग तो शिपाई का असेना.

हवालदार_क्लार्क:
सरपंचांना सांगण्यासारखं: नोंदवहीत एक रकाना ट्रेडचा घाला. कोण इंजिनियर्सचा, कोण सिग्नल्सचा, कोण जड वाहनाचा ड्रायव्हर, कोण नर्सिंगवाला, कोण कुक. त्याची एक प्रत तहसीलदारांकडे, एक ग्रामपंचायतीत द्या. तुमचं गाव नदीकाठचं दिसतंय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात दोर बांधणं, बोटीत वजन बरोबर बसवणं, पाचशे माणसांचं जेवण शिजवणं आणि रात्रीचा पहारा याला कोण येतं हे शोधण्यातच पहिला दिवस जातो. यादी असली तर सहा फोनांत काम होतं. दरवर्षी मेअखेर यादीतले फोन लावून पाहा, कोण बाहेरगावी आहे त्याची खूण करा. आणि पोहता येतं म्हणून कोणाला पाण्यात उतरवू नका, लाइफ जॅकेट नसेल तर काम काठावरचंच.

दुसरं, भरतीची तयारी. अग्निपथ भरतीत २०२३ पासून ऑनलाइन लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर, तरी गावची पोरं अजून नुसती धावतच असतात. सकाळी मैदान, संध्याकाळी दोन तास गणित आणि सामान्य ज्ञान, असं वेळापत्रक लावा. १६०० मीटर डांबरावर रोज धावायला लावू नका, नडगी धरते आणि ऐन भरतीला पोरगा लंगडतो. शेताच्या कडेची मातीची वाट ४०० मीटर मोजून घ्या, आठवड्याला दोनच दिवस पूर्ण वेगाने. पुलअप्सचा दांडा दीड इंची जीआय पाइपचा, खांब सिमेंटमध्ये अडीच फूट आत, उंची आठ फूट, नाहीतर उंच पोरांचे पाय टेकतात. उडीसाठी ९ फूट रुंदीचा खड्डा खणून उतरायच्या बाजूला वाळू टाका, पावसाळ्यानंतर ती बदला. कागदही तपासा: दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून मैदान मारलेली पोरं परत येतात. फी घेऊ नका. फी घेतली की ती अकादमी झाली.

तिसरं, घरपट्टी. २०२० पासून राज्यात माजी सैनिकांना आणि विधवांना एका घराची घरपट्टी माफ आहे. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला आणि अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा. यात सरपंचांशी वाद घालण्यापेक्षा सगळे अर्ज एकदम, यादीसह द्या आणि नमुना ८ वर (घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही) नोंद झाली का ते पाहा. घर अजून वडिलांच्या नावावर असेल तर माफी मिळत नाही, आधी वारसनोंद.

आणि ज्यांना पेन्शनच नाही त्यांना विसरू नका. पाच-सात वर्षांत घरी आलेले, सत्तरीतले, आता मजुरी करणारे. हवालदार आणि त्याखालच्या रँकच्या, पेन्शन नसलेल्या ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मासिक मदत मिळते. ती ४ हजार होती, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८ हजार झाली. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणाची मदत दरमहा १ हजाराची २ हजार आणि मुलीच्या लग्नाची ५० हजारांची १ लाख झाली, दोन अपत्यांपर्यंत. लग्नाचा अर्ज लग्नानंतर १८० दिवसांत गेला पाहिजे. हे लोक कार्यक्रमांना येत नाहीत, ग्रुपवर नाहीत, बऱ्याचदा डिस्चार्ज बुकही पुरात किंवा घर पडताना गेलेलं असतं. त्यांना शोधायला वाडी-वस्तीवर जावं लागतं. डिस्चार्ज बुक नसेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून रेकॉर्ड ऑफिसकडे नक्कल मागा. सर्व्हिस नंबर आठवत नसेल तर जुनं पत्र, मेडलची कड, जुन्या फोटोवरची पाटी, काहीही चालतं. मेडलच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, भिंग लावून वाचा.

कृष्णाकाठ:
मेडलच्या कडेचं लक्षातच आलं नव्हतं. वरच्या वाडीत असे तिघं आहेत, या रविवारी भिंग घेऊन जातो. नोंदवहीची सुरुवात त्यांच्याच पानांपासून करतो.

सैनिक_पत्नी_मंडळ:
दादा, जाताना एखाद्या ताईलाही सोबत न्या. त्या तिघांच्या घरी कागद कुठे ठेवलेत हे त्यांच्या बायकांनाच ठाऊक असेल. आणि पान लिहिताना बायकोचं नाव तिच्या तोंडून विचारून लिहा, नवऱ्याच्या नाही.